बॉन्ड थकलाय, नवा दिग्दर्शक आणून उठेल का?

रात्रपाळी
बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचं डोक्यात होतं, आज मुहूर्त लागला. जून २०२५ मध्ये पुढच्या बॉन्डचा दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं तेव्हापासून जो तो 'सुटलो, बॉन्ड वाचला' म्हणत फिरतोय. मला तो दिग्दर्शक आवडतो, 'सिकारियो' किती वेळा बघितलाय ते मोजणंच सोडून दिलंय. पण बॉन्ड वाचला हे काही माझ्या गळी उतरत नाहीये. का ते मांडून बघते, चुकत असेन तर हाणा.

बॉन्ड ही कधी दिग्दर्शकाची सिरीज नव्हतीच. ती एका घराची होती. १९६२ ला पहिला सिनेमा आला तेव्हा कबी ब्रॉकोली आणि हॅरी सॉल्टझमन, पुढे सॉल्टझमन बाहेर पडला, मग कबी, मग त्याची मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकल विल्सन. गाडी यांची, कुठे जायचं तेही हेच ठरवणार, दिग्दर्शक म्हणजे पगारी ड्रायव्हर. सत्तरच्या दशकात स्पीलबर्ग स्वतः बॉन्ड करायला तयार होता तर कबीने नाही म्हणून सांगितलं, मग लुकसने त्याला 'त्यापेक्षा माझ्याकडे भारी आयडिया आहे' म्हणून इंडियाना जोन्स ऐकवला. स्पीलबर्गला नाही म्हणतात हो ही माणसं! २०१८ मध्ये डॅनी बॉइल आला आणि काही महिन्यांत मतभेद होऊन गेला पण.

आता अ‍ॅमेझॉनने एमजीएम ही बॉन्डवाली स्टुडिओ कंपनी विकत घेतली (८४५ कोटी डॉलर, २०२२ मध्ये व्यवहार पुरा झाला) आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बार्बरा आणि विल्सनने सिनेमात काय करायचं ते ठरवण्याचा हक्कही सोडून दिला. म्हणजे साठ वर्षांनी गाडीचा मालक बदललाय आणि आपण सगळे नव्या ड्रायव्हरच्या टोपीचं कौतुक करत बसलोय.

तर प्रश्न असा, थकलेली सिरीज नुसत्या नव्या दिग्दर्शकाने उठते का? आधी कधी उठलीये का?

(नवा बॉन्ड कोण यावर इथे एकही प्रतिसाद नको. त्याचा वेगळा धागा आहे, तिथे मारामाऱ्या चालू आहेत, तिकडे जा.)

अर्धवटराव
थकलाय काय म्हणता, मेलाय तो. २०२१ मध्ये थेटरात डोळ्यांनी बघितलं, वरून मिसाइल पडली. मेलेल्याला दिग्दर्शक काय करणार.

आणि माणसाच्या नावातच व्हिलन आहे, सावध रहा एवढंच सांगतो.

काडीपेटी
रात्रपाळी, 'आधी कधी उठलीये का' हे तू खरंच विचारतेयस की काडी टाकतेयस? काडी टाकायचं काम माझं आहे.

मार्टिन कॅम्पबेल! एकच माणूस, दोनदा. १९८९ नंतर सहा वर्षं बॉन्ड बंद, कंपनीच्या विक्रीवरून कोर्टकचेऱ्या, शीतयुद्ध संपलेलं, लोक म्हणायला लागले आता ह्या माणसाला काम काय उरलं, आणि १९९५ मध्ये हा गोल्डनआय घेऊन आला. पहिल्या पाच मिनिटांत धरणावरून उडी, पुढे पीटर्सबर्गच्या रस्त्यात रणगाडा घातलाय आणि त्यात बसून हा टाय सरळ करतो, बस्स, तिथे कळलं की आपला माणूस परत आलाय. मग परत सगळं घसरत घसरत २००२ ला अदृश्य गाडीपर्यंत पोचलं आणि २००६ ला पुन्हा त्यालाच बोलावला तर त्याने कसिनो रोयाल दिला. आता याला तू पगारी ड्रायव्हर म्हणणार असशील तर म्हण बाई, पण मग दोनदा खड्ड्यातून गाडी काढणारा तोच एक ड्रायव्हर कसा निघाला ते पण सांग.

रात्रपाळी
काडीपेटी, कॅम्पबेल येणार हे माहीत होतं, दुसऱ्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं.

कसिनो रोयाल उठला तो बॉन्डचा मूळ लेखक फ्लेमिंग, त्याच्या पहिल्या कादंबरीमुळे. १९५३ ची कादंबरी, तिचे हक्क ह्यांच्याकडे नव्हतेच, सोनीशी तडजोड होऊन १९९९ मध्ये मिळाले. म्हणजे हातात पहिल्यांदाच अशी गोष्ट आली ज्यात बॉन्ड हरतो, प्रेमात पडतो, फसतो. वर तोवरचा बॉन्ड ब्रॉस्नन, त्याला निरोप देऊन नवा माणूस आणायचा, गॅजेटवाला क्यू नको, ऑफिसातली मनीपेनी नको, डबल ओ म्हणजे मारायचा परवाना मिळण्यापासून सुरुवात करायची हे सगळं ठरवलं ते वरच्यांनी. कॅम्पबेलच्या हातात तयार ताट आलं.

जुनाट_प्रोजेक्टर
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे आणि दोघांनी एक गोष्ट सोडलीये. थकलेली म्हणजे काय? पैसे येईनात म्हणजे थकलेली असं समजत असाल तर बॉन्डच्या बाबतीत ते उलटं आहे.

मूनरेकर, १९७९. बॉन्ड अंतराळात, लेझर बंदुका, सगळा पोरखेळ. मी तो लहानपणी डोळे फाडून बघितला आणि मोठा झाल्यावर डोळे झाकून. पण त्याने इतका गल्ला जमवला की तो आकडा पुढे गोल्डनआयनेच मोडला, सोळा वर्षांनी. आणि एवढा पैसा मिळाल्यावर त्यांनी काय केलं? १९८१ च्या पुढच्याच सिनेमात बॉन्डला जमिनीवर आणला, सुरुवातीलाच त्याची भारीतली गाडी उडवून दिली आणि पुढे एका फटफटत्या छोट्या सिट्रोएनमधून पळवला. २००२ चंही तेच. अदृश्य गाडीवाला डाय अनदर डे हा तोपर्यंतचा सगळ्यात जास्त कमावलेला बॉन्ड होता, ४३ कोटी डॉलरच्या आसपास. तो पडला म्हणून कसिनो रोयाल आला असं लोक बिनदिक्कत लिहितात, तो पडलाच नव्हता. पैसे येत असताना 'आता पुरे' म्हणायची अक्कल त्या घरात होती.

म्हणून धागाकर्तीचा मालकाचा मुद्दा मला पटतो. पण तिला वाटतं त्या कारणाने नाही. ड्रायव्हर कोण नेमतात यापेक्षा भरधाव चाललेली गाडी स्वतःहून थांबवायची हिंमत नव्या मालकाकडे आहे का, मला त्याची काळजी आहे.

अर्धवटराव
काका +१. दंडवत.

मधली_सुट्टी
भाबडा प्रश्न आहे, हसू नका. बॉन्डमध्ये मारामाऱ्या आणि पाठलाग सोडून असतं काय? आणि ते सगळं तर स्टंटवाले करतात ना? मग दिग्दर्शक नक्की करतो काय? नुसतं 'अ‍ॅक्शन' आणि 'कट' म्हणायला एवढा मोठा माणूस कशाला?

खुर्चीखालचा
मधली_सुट्टी, प्रश्न भाबडा बिबडा काही नाही, या धाग्यावर आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा आहे.

मोठ्या अ‍ॅक्शन सिनेमात दोन युनिटं असतात. मुख्य युनिट दिग्दर्शकाबरोबर, मोठे नट, संवाद. सेकंड युनिट वेगळ्या दिग्दर्शकाच्या हाताखाली, ते बऱ्याचदा वेगळ्याच देशात, गाड्या, उड्या, स्फोट हे सगळं तिथे. म्हणजे बॉन्ड म्हणून आपल्याला जे आठवतं त्यातलं बरंचसं मुख्य दिग्दर्शक तिथे उभा नसतानाच शूट झालेलं असतं.

क्वांटम ऑफ सोलेस (२००८) घ्या. मार्क फॉर्स्टर म्हणजे माणसांच्या गोष्टी सांगणारा सज्जन दिग्दर्शक, अ‍ॅक्शनचा अनुभव नाही. सेकंड युनिटला आणला डॅन ब्रॅडलीला, जो बोर्न सिनेमांचे पाठलाग करून आलेला. त्यात लेखकांचा संप, पटकथा अर्धवट. झालं काय की सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग बघताना कोण कोणाच्या मागे आहे तेच कळत नाही, कट, कट, कट, आणि मधेच एका ऑपेराच्या प्रसंगात एकदम फॉर्स्टर दिसतो, शांत, सुंदर. एकाच सिनेमात दोन सिनेमे, एकमेकांशी बोलत नसलेले.

आता याच्या शेजारी कसिनो रोयालमधला मादागास्करचा पाठलाग ठेवा. पुढे पळणारा इवल्याशा फटीतून मासोळीसारखा सुळकन निघून जातो आणि मागून बॉन्ड येतो तो सरळ भिंत फोडून. एकही शब्द नाही. पण हा नवा बॉन्ड कसला आहे, रांगडा, घाईवाला, अजून न घासलेला, ते त्या एका भिंतीत कळतं. स्टंट त्या लोकांनीच केला, पण तो कोणाबद्दल काय सांगणार हे आधी कोणीतरी ठरवलेलं असतं. मधली_सुट्टी, ते ठरवायला दिग्दर्शक लागतो.

मधली_सुट्टी
ओह. आता ती भिंत परत बघावी लागणार.

काडीपेटी
खुर्चीखालचा, माझ्या बाजूने बोलल्याबद्दल आभार, मला एवढं नीट कधीच मांडता आलं नसतं. रात्रपाळी, भिंत फोडायची हे कादंबरीत होतं का गं?

आणि अजून एक, गोल्डनआयच्या वेळी पण मालक बदलतच होते की. कबी आजारी होता, १९९६ मध्ये गेलाच तो, सिनेमा प्रत्यक्षात बार्बरा आणि विल्सनने उभा केला. म्हणजे नवे हात, नवा नट, नवा दिग्दर्शक, सगळं एकदम बदललं आणि सिरीज उठली. मग आता तसंच होतंय तर तू रडतेयस का?

रात्रपाळी
भिंत कादंबरीत नव्हती. बरं. भिंत तुमची.

पण ९५ आणि आत्ता सारखं नाही रे. बार्बरा तिथे बाहेरून आली नव्हती, ती त्या सेटांवरच वाढली, विल्सन तर सत्तरच्या दशकापासून त्यात होता, पटकथा पण लिहायचा. घरातल्या पोरांनी दुकान सांभाळणं वेगळं आणि दुकान विकलं जाणं वेगळं. आता एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन निर्माते आहेत, एकीने स्पायडरमॅन, एकाने हॅरी पॉटर सांभाळलाय, लेचेपेचे नाहीत हे मान्य. पण दोघांचीही सवय काय, दर दोन-तीन वर्षांनी पुढचा भाग, हे मला खटकतंय. बॉन्ड मध्ये मध्ये गप्प बसायचा. ८९ ते ९५, २००२ ते २००६, लोकांना आठवण यायला वेळ मिळायचा.

शेवटची_रांग
एकाच दिग्दर्शकाचे दोन सिनेमे शेजारी ठेवले तर हा वाद अर्धा मिटतो असं मला वाटतं. सॅम मेंडिस. २०१२ चा स्कायफॉल, १०० कोटी डॉलरच्या वर गेलेला पहिला बॉन्ड, डीकिन्सचा कॅमेरा, शांघायच्या त्या काचेच्या इमारतीत निळ्या उजेडात नुसत्या दोन सावल्यांची मारामारी, आहाहा. तीन वर्षांनी तोच मेंडिस, बॉन्ड म्हणून तोच क्रेग, तीच कंपनी आणि स्पेक्टर. व्हिलन बॉन्डला सांगतो, तुझ्या सगळ्या दुःखांमागे मीच होतो म्हणे, आणि मी कोण तर तुझा लहानपणीचा मानलेला भाऊ. कैच्याकै. घराण्याच्या दुष्मनीवाल्या मालिका बघायच्या तर आम्ही घरी बसून बघतो की.

म्हणजे दिग्दर्शक तोच राहूनही कोसळता येतं. आणि उलट बाजूने ली तामाहोरी बघा, त्या अदृश्य गाडीचा दिग्दर्शक. १९९४ मध्ये याच माणसाने न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबावर असा सिनेमा केला होता की बघून दोन दिवस जेवण जात नाही. असला खरा, खरबरीत माणूस बॉन्डमध्ये येऊन कम्प्युटरवरच्या लाटेवर सर्फिंग करून गेला. जाता जाता, कॅम्पबेल पण न्यूझीलंडचाच. एकाने बुडवला, दुसऱ्याने काढला.

जुनाट_प्रोजेक्टर
तामाहोरीचं उदाहरण आवडलं, मला सुचलं नव्हतं.

यात अजून एक जात राहिली, आतून वर आलेले. पीटर हंट पहिल्यापासूनच्या बॉन्डपटांचा संकलक, ती झटके देणारी कापाकापी त्याचीच. १९६९ मध्ये त्याला दिग्दर्शन दिलं, नट नवा, आणि त्याने लग्न झाल्या झाल्या बॉन्डची बायको मारून सिनेमा संपवला. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, कंपनीने घाबरून पुढच्या वेळी पहिल्या बॉन्डला, कॉनरीला परत आणलं. आज कोणत्याही जुन्या बॉन्डप्रेमीला विचारा, पहिल्या तिनात हा सिनेमा असतो. म्हणजे हंटने सिरीज उठवली की पाडली? मला आजतागायत उत्तर देता येत नाही. त्याच सिनेमाचा संकलक जॉन ग्लेन, त्याने ऐंशीच्या दशकातले पाचही सिनेमे केले. सुतारासारखं नेकीने काम. पाचवा म्हणजे लायसन्स टू किल, सगळ्यात कडवट, सगळ्यात वेगळा, आणि नेमका तोच कमी चालला.

अनुस्वार
अवांतर: आपल्याकडे यशराजच्या हेरांचं पण हेच चाललंय ना? २०१२ पासून टायगर, मग वॉर, पठाण, आणि २०२५ मध्ये वॉर २ ला दिग्दर्शक बदलून अयान मुखर्जी आणला. नवा दिग्दर्शक, दोन दोन स्टार, आणि अपेक्षेइतका नाही चालला. थकवा नायकांच्या हवेतल्या एन्ट्र्यांमध्ये आहे, कोणी का शूट करेना.

अर्धवटराव
त्यात बर्फावरून, पाण्यावरून, ट्रेनवरून, विमानावरून मारामारी झाली. पुढच्या भागात सगळे नुसते खुर्चीत बसले तरी मी तिकीट काढेन.

खुर्चीखालचा
अवांतरालाच जोडून, मिशन इम्पॉसिबलने तर दर भागाला दिग्दर्शक बदलायचा नियमच केला होता. डी पाल्मा, मग जॉन वू, अब्राम्स, ब्रॅड बर्ड, पाचही बोटं वेगळी. बर्ड तर अ‍ॅनिमेशनमधून आलेला, खरी माणसं घेऊन त्याचा पहिलाच सिनेमा आणि त्याने बुर्ज खलिफावर चढवला क्रूझला. मग २०१५ पासून मॅक्वारी आला तो २०२५ पर्यंत हललाच नाही. माझ्या मते २०१८ वाला सगळ्यात भारी आणि शेवटचे दोन दमलेले. पण तिथे सिरीजचा खरा मालक क्रूझ आहे, म्हणून रात्रपाळीचा मुद्दा तिथेही फिरून येतोच.

रात्रपाळी
बघा! मी काही बोलले नाही हं, हे खुर्चीखालचा बोलला.

परत गाडीवर, म्हणजे व्हिलनव्हवर या. तो नक्की काय करेल असं वाटतं?

काडीपेटी
मला दोन भीत्या आहेत. एक, लांबी. नो टाइम टू डाय आधीच पावणेतीन तासांच्या घरात होता, याचा ब्लेड रनर पण तेवढाच. याला घाई माहीतच नाही. दोन, हसू. व्हिलनव्हच्या सिनेमात कोणी विनोद केलेला आठवतोय का कोणाला? बॉन्ड माणूस मारतो आणि वर एक खवचट वाक्य टाकतो, टाकणार नसेल तर तो बॉन्ड नाही, नुसता सरकारी मारेकरी. याचा बॉन्ड खिडकीपाशी धुक्यात उभा राहून खोल श्वास घेणार आणि मागे संगीतकार झिमरचं बूं...म.

शेवटची_रांग
बूं...म ला मोदक :D

पण विनोदाचं ओझं एकट्या दिग्दर्शकावर टाकू नका, ते कागदावर पण असतं. पटकथा स्टीव्हन नाइटकडे दिलीये, पीकी ब्लाइंडर्सवाला. त्याची माणसं बोलतात आणि बोलता बोलता चाकू लावतात. आणि व्हिलनव्ह दुसऱ्याच्या पटकथेवर उत्तम काम करतो, सिकारियो पण दुसऱ्याचीच लेखणी.

खुर्चीखालचा
सिकारियोचं नाव निघालंच आहे तर हुआरेझहून परत येतानाचा तो पूल आठवा. कैद्याला घेऊन गाड्यांचा ताफा सीमेवर ट्रॅफिकमध्ये अडकलाय. काहीच होत नाहीये. शेजारच्या गाडीत कोण बसलंय, हात कुठे आहेत, काच खाली का केली, आपण नुसतं बघतोय आणि पोटात गोळा येतोय. गोळीबार सुरू होऊन संपतो तो काही सेकंदात. सगळी मजा थांबण्यात आहे. बॉन्डमध्ये हे थांबणं जवळजवळ हरवलंय. १९६३ च्या दुसऱ्या बॉन्डमध्ये रेल्वेच्या डब्यातली मारामारी आहे, तिच्याआधी दोघं नुसते बोलत बसलेत, जेवताना मागवलेल्या वाइनवरून बॉन्डला संशय यायला हवा होता आणि आपल्यालाही. सिकारियोवाल्याला ते जमेल. हेर म्हणजे मुळात वाट बघणारा माणूस.

आणि तो दुसऱ्याच्या घरात आधी जाऊन आलाय. पस्तीस वर्षांपूर्वीच्या सिनेमाचा पुढचा भाग करणं म्हणजे शिव्या खायची लेखी हमी, तरी त्याने ब्लेड रनर केला आणि मूळ सिनेमाचे भक्तही गप्प झाले.

काडीपेटी
भक्त गप्प झाले आणि थेटरंही गप्प होती. खर्चाच्या मानाने चालला नाही तो.

खुर्चीखालचा
ड्यूनचा दुसरा भाग ७० कोटी डॉलरच्या वर गेला की. आणि तो मूळ बॉन्डवेडा आहे, लहानपणी वडिलांबरोबर कॉनरीपासून सगळे बघितलेत असं त्याने स्वतः सांगितलंय. फॉर्स्टरसारखा पाहुणा नाही.

जुनाट_प्रोजेक्टर
वेड्या भक्ताच्या हातात देणं हीच मला जरा धोक्याची गोष्ट वाटते. भक्त देव्हारा हलवत नाही. कॅम्पबेल बॉन्डचा भक्त होता असं कुठे जाणवत नाही, त्याला देव्हाऱ्याशी घेणंदेणं नव्हतं, चोख काम करून निघून गेला. तिसऱ्यांदा आलाच नाही.

रात्रपाळी
काका, हे झोंबलं, कारण मी पण भक्तच आहे.

काल रात्री कसिनो रोयाल परत लावला, भिंतीसाठी. आणि माझ्या लक्षात आलं की ती आपली नेहमीची धून, टॅडँगडडँग, अख्ख्या सिनेमात पूर्ण वाजतच नाही. तुकडे येतात मधून मधून. शेवटी तो नाव सांगतो तेव्हा कुठे खणखणीत वाजते. म्हणजे अडीच तास राखून ठेवली. हे संगीतकार, निर्माते, दिग्दर्शक यातल्या नेमक्या कोणी ठरवलं हे बाहेर बसून मला नाही सांगता येणार, आणि कदाचित म्हणूनच मी ड्रायव्हर-मालक करत बसले तो हिशोब थोडा बाळबोध होता. पण राखून ठेवायला धीर लागतो, दोघांनाही. व्हिलनव्हकडे तो आहे, जरा जास्तच आहे. त्याला पैसे देणाऱ्यांकडे आहे का, माझी गाडी अजून तिथेच अडकलीये.

मधली_सुट्टी
मी पण भिंत बघितली. दोनदा मागे घेऊन. मला आता क्वांटमची सुरुवात बघवत नाही, धन्यवाद खुर्चीखालचा, माझा एक आवडता सिनेमा घालवलात.

अर्धवटराव
सगळं झालं, पण माझ्या पहिल्या प्रतिसादाला कोणी उत्तर दिलं नाही. माणूस मेला आहे. मिसाइल पडली. परत येणार कसा?

काडीपेटी
तू पाट्या संपायच्या आधीच थेटरातून उठला होतास ना? शेवटी लिहिलं होतं, जेम्स बॉन्ड परत येईल म्हणून.

अर्धवटराव
लेखी आहे? मग ठीक आहे. मला वाटलं तोंडीच आहे.